गोधडीतले खून

१७ मार्च २००७ हा दिवस क्रिकेटवेड्या माणसाला आजही आठवावासा वाटत नाही. वेस्ट इंडीजमधल्या विश्वचषकात त्या दिवशी पोर्ट ऑफ स्पेनला बांगलादेशाने भारताला हरवलं आणि तिकडे जमैकात आयर्लंडने पाकिस्तानला. दुसऱ्या दिवशी सकाळी किंग्स्टनच्या हॉटेलात पाकिस्तानचे प्रशिक्षक बॉब वूल्मर आपल्या खोलीत निपचित पडलेले सापडले. जन्म कानपूरचा, खेळले इंग्लंडकडून, शिकवलं पाकिस्तानला आणि मरण आलं जमैकात. पोलिसांनी आधी खून धरून तपास केला, जूनमध्ये मृत्यू नैसर्गिक असल्याचं सांगितलं, आणि नोव्हेंबरात चौकशीच्या ज्यूरीने कुठलाच ठाम निष्कर्ष न काढता निकाल मोकळा ठेवला.

इंग्लंडमध्ये या बातम्या रॉबर्ट थोरोगूड नावाचा एक लेखक वाचत होता. नाव अजून कुणाला ठाऊक नव्हतं. तपासात एक इंग्रज पोलीस अधिकारी आहे, एवढ्या एका गोष्टीपाशी तो थबकला. ऊन रणरणतंय, समोर निळाशार समुद्र आहे, आणि लोकरी सूट, टाय आणि कातडी ब्रीफकेस अशा थाटात एक घामाघूम इंग्रज खुनाचा शोध लावतोय. पुढे कितीतरी खेपा घातल्यावर ही कल्पना बीबीसीने उचलली आणि ऑक्टोबर २०११ मध्ये 'डेथ इन पॅराडाइज' पडद्यावर आली. ती अजून चालूच आहे. बेन मिलर, क्रिस मार्शल, आर्डल ओ'हॅनलन, राल्फ लिटल आणि २०२४ च्या नाताळापासून डॉन गिले अशी गुप्तहेरांची पाचवी पाती आता कामाला जुंपलेली आहे.

आता जरा हिशेब बघा. एका माणसाच्या अकाली, चटका लावणाऱ्या मृत्यूतून निघालेली ही मालिका इंग्लंडमध्ये लोक कडाक्याच्या थंडीत, रात्रीचं जेवण आटोपून, पायावर पांघरूण घेऊन, घरातल्या पोरासोरांसकट बघतात. दर भागात किमान एक मुडदा पडतो आणि तरी कुणाची झोप उडत नाही. या जातीच्या कथांना इंग्रज 'कोझी' म्हणतात. उबदार, आरामाचं, हात-पाय पोटाशी घेऊन बसण्याजोगं, असा त्या शब्दाचा भाव. मराठीत त्याला गोधडीइतकं जवळचं दुसरं काही नाही. तेव्हा या मालिकांना गोधडीतले खून म्हणायला हरकत नसावी.

गोधडीचे काही अलिखित नियम आहेत. रक्त दिसलं तरी थेंबभर. खून शक्यतो पडद्याआड. मेलेला माणूस बहुधा असा की त्याच्यासाठी कुणी फार रडू नये. गाव देखणं हवं, त्यात एक चर्च, एक पब, एक नको तितकी चौकस बाई हवी. आणि तासाभरात, फार तर दीड तासात, सगळं जिथल्या तिथे लागलं पाहिजे. काही नियम तर लेखीही आहेत. रोनाल्ड नॉक्स या कॅथलिक धर्मगुरूने १९२९ मध्ये रहस्यकथेच्या दहा आज्ञाच लिहून काढल्या. गुप्तहेराने स्वतः खून करायचा नाही, दैवी शक्तीची मदत घ्यायची नाही, चोरवाट एकाहून अधिक ठेवायची नाही, हाती लागलेला धागा वाचकापासून लपवायचा नाही. दहावी आज्ञा जुळ्या भावांबद्दल होती. वाचकाला आधी पुरेशी कल्पना दिल्याशिवाय जुळे भाऊ आणायचे नाहीत.

अलीकडच्या काळातली सगळ्यात लोभस गोधडी नेमकी या दहाव्या आज्ञेवर शिवलेली आहे.

सप्टेंबर २०२४ मध्ये बीबीसीवर आलेल्या 'लुडविग'चा नायक जॉन टेलर हा कोडी रचणारा माणूस. लुडविग हे त्याचं टोपणनाव, बीथोवनवरून घेतलेलं. घरात एकटा राहतो, बाहेर पडणं त्याच्या जिवावर येतं, आणि माणसांपेक्षा चौकटी त्याला बऱ्या वाटतात. त्याचा जुळा भाऊ जेम्स केंब्रिजच्या पोलिसांत मोठा अधिकारी असतो आणि एके दिवशी तो बेपत्ता होतो. जेम्सची बायको लूसी दिराला बोलावून घेते आणि सांगते, तू जेम्स बनून पोलीस ठाण्यात जा, त्याची वही घेऊन ये, पाच मिनिटांचं काम आहे. पाच मिनिटांचं काम कधी पाच मिनिटांत होतं का? वही शोधायला गेलेल्या जॉनला सहकारी थेट खुनाच्या जागी घेऊन जातात, आणि भांबावलेला जॉन तिथल्या माणसांकडे एक तर्ककोडं म्हणून बघू लागतो. कोण कुठे होतं, कोण कुठे असूच शकत नव्हतं, एकेक चौकोन खोडत जायचं.

डेव्हिड मिचेल मुळात विनोदी नट. लुडविग साकारताना तो विनोद करत नाही. अवघडतो, आणि हसू आपोआप फुटतं. दुसऱ्याच्या कोटात, दुसऱ्याच्या खुर्चीत, दुसऱ्याच्या हुद्द्यावर बसलेला हा माणूस हळूहळू तिथे रुळतो आणि आपण रुळतोय याचीच त्याला भीती वाटू लागते. लूसीच्या भूमिकेतली अ‍ॅना मॅक्सवेल मार्टिन त्याला तोडीस तोड. सहा भागांत सहा वेगळी प्रकरणं आणि खालून वाहणारा एकच प्रश्न, जेम्स गेला कुठे? ज्याला या वाटेवर पहिलं पाऊल टाकायचं आहे त्याने इथूनच टाकावं.

दुसरं पाऊल पुन्हा थोरोगूडच्या दारात. कॅरिबियन बेटाने त्याला नाव आणि पैसा दिला, पण स्वतः तो राहतो थेम्सकाठच्या मार्लो गावात. मार्लो नकाशावर खरोखरच आहे. तिथला १८३२ चा झुलता पूल विल्यम टियर्नी क्लार्कचा. बुडापेस्टचा प्रसिद्ध साखळीपूलही त्याच्याच आराखड्यावर उभा राहिला. मेरी शेलीने 'फ्रँकेन्स्टाइन' याच गावात पुरं केलं. आपल्याच गावात आपण मुडदे पाडावेत असं थोरोगूडला वाटलं आणि २०२१ मध्ये त्याची 'द मार्लो मर्डर क्लब' ही कादंबरी आली; २०२४ मध्ये तिची मालिका झाली.

ज्युडिथ पॉट्स म्हातारी आहे, नदीकाठच्या जुनाट वाड्यात एकटी राहते, वर्तमानपत्रांसाठी शब्दकोडी रचते आणि लहर आली की थेम्समध्ये पोहते. अशीच एकदा पोहत असताना पलीकडच्या शेजाऱ्याच्या बागेतून तिला गोळीचा आवाज येतो. पोलीस तिचं फारसं मनावर घेत नाहीत. मग ती आणखी दोघींना गोळा करते. एक लोकांची कुत्री फिरवून पोट भरणारी सूझी, दुसरी पाद्र्याची नेटकी, नको तितकी नेटकी बायको बेक्स. जेम्स बाँडच्या चित्रपटांत मनीपेनी झालेली समांथा बाँड इथे ज्युडिथ आहे, आणि एकेकाळी हेरखात्याच्या दाराशी टायपिंग करणाऱ्या त्या बाईला आता स्वतःच हेर झालेलं बघण्यात एक वेगळी गंमत आहे.

रहस्य म्हणून 'मार्लो' लुडविगच्या पासंगालाही पुरत नाही, हे सांगून टाकलेलं बरं. चाणाक्ष प्रेक्षकाला खुनी अर्ध्यातच हेरता येतो. पण त्या तिघींमध्ये जे घडत जातं ते खुन्यापेक्षा जास्त धरून ठेवतं. तिघींपैकी कुणालाच कुणी मैत्रीण नव्हती. वयाची साठी ओलांडलेली एकटी बाई, पैशांची ओढाताण असलेली बाई आणि नवऱ्याच्या पदामागे झाकली गेलेली बाई, या एरवी एकमेकींच्या दारात चहालाही गेल्या नसत्या. एक मुडदा पडतो आणि त्यांना एका टेबलाभोवती बसवतो. लुडविगचंही तेच. भावाचा घोटाळा झाला नसता तर तो घराबाहेर पडलाच नसता. ताज्या ब्रिटिश मालिका ओळीने बघत गेलं की लक्षात येतं, इथे खून हे निमित्त आहे. मूळ गोष्ट एकट्या माणसाला सोबत मिळण्याची आहे. रिचर्ड ऑस्मनच्या 'द थर्सडे मर्डर क्लब'मध्ये तर निवृत्तांच्या वसाहतीतले चार म्हातारे जुन्या न उलगडलेल्या खुनांवर दर गुरुवारी डोकं चालवतात. नेटफ्लिक्सने २०२५ मध्ये त्यावर काढलेला चित्रपट हेलन मिरेन, पीअर्स ब्रॉस्नन, बेन किंग्जली आणि सेलिया इम्री असूनही घाईघाईत उरकल्यासारखा वाटतो. सहा भागांची ऐसपैस मालिका झाली असती तर त्या चौघांना श्वास मिळाला असता.

म्हातारी बाई गुप्तहेर म्हणून शोभते, कारण तिच्याकडे कुणी बघत नाही. हे गुपित अगाथा ख्रिस्तीला आधीच ठाऊक होतं. मिस मार्पल विणत बसते आणि सगळं ऐकते. त्याच गुपिताची देशी आवृत्ती म्हणजे २०२३ ची 'मिसेस सिद्धू इन्व्हेस्टिगेट्स'. मीरा स्याल ही सिद्धू आंटी. लंडनजवळच्या स्लाव गावात राहते आणि श्रीमंतांच्या मेजवान्यांना जेवण पुरवते. जेवण पुरवणाऱ्या बाईला मागच्या दाराने कुठेही प्रवेश असतो, आणि भजी तळणाऱ्या आंटीसमोर माणसं काय वाट्टेल ते बोलून जातात. सुक पन्नूने ही बाई आधी बीबीसी रेडिओसाठी लिहिली होती. दूरचित्रवाणीवर चारच भाग झाले. पटकथा मधूनच सैल पडते, पण "जेवलास का?" या एका प्रश्नावर उलटतपासणी सुरू करणारी गुप्तहेर इंग्लंडच्या पडद्यावर याआधी दिसली नव्हती.

इंग्रजांचं हे देशी प्रेम जुनं आहे. एच. आर. एफ. कीटिंग या लेखकाने १९६४ मध्ये 'द परफेक्ट मर्डर' लिहून इन्स्पेक्टर गणेश घोटे हा मुंबई पोलिसांतला भिडस्त, सज्जन अधिकारी जन्माला घातला. मौज अशी की तोवर कीटिंगने मुंबई पाहिलीच नव्हती, आणि पुढची कितीतरी वर्षं तो नकाशे आणि पुस्तकं समोर ठेवून घोटेला मुंबईच्या रस्त्यांवरून फिरवत राहिला. १९८८ मध्ये या कादंबरीवर चित्रपट निघाला आणि नसीरुद्दीन शाह घोटे झाला. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडवर पोसलेल्या मराठी वाचकाला हा घोटे जरा मवाळ वाटेल. त्याला गोधडीतलाच समजावं.

गोधडी शिवण्याच्या कसबावर मात्र कुणाची हुकमत असेल तर अँथनी हॉरोविट्झची. 'मॅगपाय मर्डर्स' ही २०२२ ची मालिका त्याच्याच कादंबरीवरची. सुझन रायलंड ही संपादक. तिच्या प्रकाशनसंस्थेचा खपाचा राजा असलेला लेखक अ‍ॅलन कॉनवे नवं हस्तलिखित पाठवतो आणि मरतो. हस्तलिखिताचं शेवटचं प्रकरण गायब असतं. म्हणजे खुनी कोण हे कादंबरीतही कळत नाही आणि बाहेरही. सुझन प्रकरण शोधायला निघते आणि कादंबरीतला गुप्तहेर अ‍ॅटिकस प्युंड पन्नासच्या दशकातली टोपी घालून तिच्या गाडीत शेजारी येऊन बसतो. तेच नट दोन्ही काळांत दोन वेगळ्या भूमिका करतात. लेखकाने आपल्या ओळखीच्या माणसांना पुस्तकात कसं डांबलं ते न बोलता कळतं. लेस्ली मॅनव्हिलची सुझन थोडी तिरसट, थोडी थकलेली आणि पूर्ण माणूस आहे. २०२४ चा पुढचा भाग 'मूनफ्लॉवर मर्डर्स' तितका घट्ट नाही, पण मॅनव्हिलसाठी बघावा.

या हॉरोविट्झनेच १९९७ मध्ये कॅरोलाइन ग्रॅहमच्या कादंबरीवरून 'मिडसमर मर्डर्स'चा पहिला भाग लिहिला होता. २३ मार्चला तो आयटीव्हीवर लागला आणि गोधडीचा कारखानाच सुरू झाला. मिडसमर नावाचा काल्पनिक परगणा, जॉन नेटल्सचा शांत टॉम बार्नबी, २०११ पासून त्याचा चुलतभाऊ म्हणून आलेला नील डजन, आणि सुरुवातीच्या सुरावटीत थेरेमिनचा तो किंचित वेडसर हुंकार. एका भागात तर चीजचं भलंमोठं चाक अंगावर घालून माणूस मारला आहे. जगभरातल्या दोनशेच्या वर प्रदेशांत ही मालिका विकली गेली.

आणि याच मालिकेने गोधडीची उसवलेली शिवणही दाखवली. मार्च २०११ मध्ये निर्माता ब्रायन ट्रू-मे याने एका मुलाखतीत सांगून टाकलं की मिडसमर हा इंग्रजपणाचा शेवटचा गड आहे आणि तिथे इतर वंशांची माणसं असतील तर ती गंमत राहणार नाही. गदारोळ उठला, त्याला निलंबित केलं गेलं आणि पुढे तो बाजूला झाला. उबेची किंमत कोण मोजतं, हा प्रश्न तेव्हा उघड्यावर आला. 'डेथ इन पॅराडाइज'लाही तो चिकटलेलाच होता: बेट काळ्या माणसांचं, पोलीस काळे, आणि शेवटी सगळ्या संशयितांना एका खोलीत बसवून खुनी सांगणारा मात्र विमानाने आलेला गोरा. डॉन गिलेचा मर्विन विल्सन आल्यावर ते चित्र पहिल्यांदा बदललं. केंब्रिजशेजारच्या खऱ्याखुऱ्या ग्रँटचेस्टर गावात घडणाऱ्या 'ग्रँटचेस्टर' मालिकेतही जेम्स नॉर्टन आणि टॉम ब्रिटनी यांच्यानंतर २०२४ मध्ये गावाचा पाद्री म्हणून अल्फी कोटेरम आला, रिशी नायरने साकारलेला भारतीय वंशाचा. या मालिकेची पहिली दोन-तीन पर्वं उत्तम आहेत. पुढे पुढे खुनापेक्षा संसाराच्या रडारडीला जास्त वेळ मिळतो.

पाद्र्यांची तर रांगच लागलेली आहे. हॅरी पॉटरच्या चित्रपटांत रॉनचा बाप झालेला मार्क विल्यम्स २०१३ पासून फादर ब्राउन होऊन सायकल मारतो आहे. बीबीसीने ही मालिका दुपारच्या वेळेला लावली आणि दुपार तिने जिंकली. त्याच चित्रपटांतला गोंधळलेला नेव्हिल, म्हणजे मॅथ्यू लुईस, २०२५ च्या 'मर्डर बिफोर इव्हनसाँग'मध्ये पाद्री होऊन प्रवचन देतो. जादूच्या शाळेतून निघालं की इंग्लंडमध्ये पुढची नोकरी चर्चमध्येच असावी.

एवढ्या गोधड्यांना सुताचा पुरवठा होतो कुठून, हेही पाहण्यासारखं आहे. बरीचशी मागणी अमेरिकेतून येते. बोस्टनच्या सार्वजनिक वाहिनीवरचा 'मास्टरपीस' हा उपक्रम १९७१ पासून ब्रिटिश मालिका अमेरिकनांच्या घरात पोचवतोय आणि 'ग्रँटचेस्टर', 'मार्लो', 'मॅगपाय' यांच्या निर्मितीत त्याचा हात आहे. अमेरिकेतच २०१७ साली सुरू झालेल्या ब्रिटबॉक्समधला आयटीव्हीचा अर्धा हिस्सा बीबीसीने २०२४ मध्ये २५ कोटी ५० लाख पौंडांना विकत घेतला. दगडी घरं, गुलाबाच्या वेली आणि क्रिकेटचं हिरवं मैदान हा माल बाहेर जास्त खपतो. म्हणून पडद्यावरचं इंग्लंड खऱ्या इंग्लंडपेक्षा नेहमी थोडं जास्त हिरवं दिसतं.

याला उतारा हवा असेल तर मार्क गॅटिसची 'बुकिश' आहे. जुलै २०२५ मध्ये आलेली ही मालिका १९४६ च्या लंडनमध्ये घडते. बाँबने उद्ध्वस्त झालेली घरं, रेशनवर मिळणारं अन्न, आणि एका गल्लीत गेब्रिएल बुक नावाच्या गृहस्थाचं पुस्तकांचं दुकान. खिशात चर्चिलचं पत्र बाळगून हा बुक पोलिसांच्या तपासात नाक खुपसतो. घरात बायको ट्रॉटी आहे, दोघांचं एकमेकांवर अपार प्रेम आहे, पण तो समलिंगी आहे आणि हे लग्न म्हणजे दोघांनी मिळून धरलेली छत्री आहे. त्या वर्षी इंग्लंडमध्ये त्याचं खरं आयुष्य हा गुन्हा होता. १९६७ पर्यंत राहिला. खुनाचं कोडं सुटतं, पण बुकच्या घराचं दार बंद ठेवावंच लागतं. गोधडी तीच, फक्त तिच्या आतली थंडी या एकाच मालिकेने झाकली नाही. शिफारशीचा क्रम लावायचाच तर लुडविगच्या खालोखाल हिचा नंबर.

'व्हेरा' आणि 'शेटलंड' या अ‍ॅन क्लीव्ह्जच्या कादंबऱ्यांवरच्या मालिकांना अनेक जण याच ढिगात टाकतात. ते चूक आहे. ब्रेंडा ब्लेथिनची व्हेरा चौदा पर्वं तीच चुरगळलेली टोपी घालून नॉर्थम्बरलँडच्या वाऱ्यात उभी राहिली आणि जानेवारी २०२५ मध्ये निवृत्त झाली. तिथली मेलेली माणसं खरोखर मेलेली असतात आणि मागे उरलेली खरोखर रडतात. बघाव्यात जरूर, पण झोपायच्या आधी नकोत.

मिडसमर परगण्यातलं मुख्य गाव कॉस्टन म्हणून पडद्यावर जे दिसतं ते बऱ्याचदा ऑक्सफर्डशायरमधलं वॉलिंगफर्ड असतं. बाजारचौक, धान्यबाजाराची जुनी इमारत, थेम्सवरचा पूल. मालिकेचे चाहते हातात नकाशा घेऊन तिथे फिरतात आणि कोण कुठे मेलं ते एकमेकांना दाखवतात. याच वॉलिंगफर्डच्या विंटरब्रुकमध्ये १९३४ पासून अगाथा ख्रिस्तीचं घर होतं. १९७६ मध्ये ती तिथेच वारली आणि जवळच्या चोल्सी गावातल्या चर्चच्या आवारात तिला पुरलं आहे. २०२३ मध्ये गावाने तिचा काशाचा पुतळा बसवला. बाई बाकावर बसल्या आहेत, हातात पुस्तक आहे, आणि शेजारी एक माणूस बसेल एवढी जागा मोकळी ठेवली आहे. मिडसमर बघायला आलेले लोक त्या जागेवर टेकतात, फोटो काढतात आणि पुढच्या मुडद्याकडे निघतात.